दादा म्हणतो फॉर्म भरू नकोस, काम मी देतो

पत्र:

ताई, आमच्याकडे सध्या एकाच गोष्टीवरून वाजलंय. माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याला अपघात झाला, तो अंथरुणावर आहे, त्याचं काम सुटलं. ती घरी शिवणकाम करते पण कधी ऑर्डर असते कधी नसते. त्यांना सरकारी मदत मिळू शकते, दर महिन्याला थोडी रक्कम आणि दोन्ही मुलांच्या फीमधे सवलत, म्हणून मी तिला फॉर्म आणून दिला. तर माझा मोठा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, फुकटची सवय लागली की माणूस संपला, मी कधी कुणापुढे हात पसरला नाही, हिनेही पसरू नये, हिला मी माझ्या वर्कशॉपमधे काम देतो पण फॉर्म भरायचा नाही. आमचे बाबा गेल्यावर आईला पेन्शन होती आणि आम्ही दोघंही फी माफीवर शिकलो, हे मी तिथल्या तिथे बोलून दाखवलं. तो उठून निघून गेला, तेव्हापासून बोलत नाहीये. बहीण फॉर्म तसाच ठेवून बसलीये. मला वाटतं गरिबी हटवणं सरकारचंच काम आहे आणि स्वतःच्या पायावर उभे रहा म्हणणारे लोक निर्दयी असतात. पण दादा निर्दयी नाही हेही मला माहितीये. कोण चुकतंय? आणि बहिणीला काय सांगू?
— मधली

उत्तर:

प्रिय मधली,

जे घाईचं आहे ते आधी. बहिणीला फॉर्म भरायला सांग, आणि नुसतं सांगू नकोस, तिच्या शेजारी बसून भरून घे. तुम्हा भावंडांचा वाद अजून वर्षभर चालला तरी चालेल, पण तिच्या मुलांची फी तोवर थांबणार नाही आणि अर्ज न करता गेलेले महिने सहसा नंतर कुणी भरून देत नाही. हा फॉर्म हजार घरांत असाच पडून राहतो, कुणीतरी जवळचाच माणूस काहीतरी बोललेला असतो आणि मग तो कागद उचलायचीच लाज वाटायला लागते.

आता दादा. तो जे म्हणाला ते नवीन नाहीये, दोनशे वर्षांपूर्वीसुद्धा लोक हेच म्हणत होते आणि त्यावरून कायदे झालेत. १७९५ मधे इंग्लंडच्या बर्कशायर भागात धान्य महागलं तेव्हा तिथल्या न्यायाधीशांनी ठरवलं की मजुराची मजुरी कमी पडली तर पावाचा भाव आणि घरातली माणसं बघून वरची रक्कम द्यायची. पुढे ओरड सुरू झाली की लोक आळशी झाले, मालक मुद्दाम मजुरी कमी देतात, सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८३४ मधे नवा कायदा आला. धडधाकट माणसाला मदत हवी तर त्याने वर्कहाउसमधे, म्हणजे गरिबांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घ्यायच्या घरात यायचं, आणि आतलं जगणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराच्या जगण्याहून वाईट ठेवायचं, म्हणजे कुणी सहजासहजी येणार नाही. नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, मुलं तिसऱ्या बाजूला असं कुटुंब तोडून ठेवायचे. आणि हे सगळं ज्या अहवालाच्या जोरावर केलं तो अहवाल १९६० च्या दशकात मार्क ब्लॉग या अर्थशास्त्रज्ञाने पुन्हा तपासला तर आयोगाने आधी मत ठरवून मग पुरावे गोळा केलेत असंच दिसलं. म्हणजे एका समजुतीपायी किती पिढ्यांनी ते सोसलं याचा विचार कर. मला हा प्रकार वाचताना राग येतो, खरंच येतो, कारण आजही तीच वाक्यं तशीच्या तशी ऐकू येतात आणि बोलणाऱ्याला वाटतं की हा आपला अनुभव आहे.

पैसे मिळाले की लोक काम सोडतात का, हे आता अंदाजाने बोलायची गरज उरलेली नाही, हे मोजून बघितलंय. मेक्सिकोने १९९७ मधे प्रोग्रेसा नावाची योजना सुरू केली, मुलं शाळेत जात असतील आणि दवाखान्यात तपासण्या होत असतील तर आईच्या हातात रोख रक्कम. आणि योजना चालवताना त्यांनी काही गावांत आधी सुरू केली, काही गावांत नंतर, म्हणजे फरक दिसावा. मुलांचं माध्यमिक शाळेत जाणं वाढलं, मुलींचं जास्त वाढलं. नंतर अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सात प्रयोगांचे आकडे एकत्र केले, मेक्सिको, होंडुरास, निकाराग्वा, मोरोक्को, फिलिपिन्स, इंडोनेशिया असे सहा देश, आणि मदत मिळाल्यामुळे लोकांनी काम कमी केलं असा काही ठोस पुरावा सापडला नाही, ना पुरुषांत ना बायकांत. पैसे दारू तंबाखूत जातात हा दुसरा लाडका आरोप, तोही वर्ल्ड बँकेच्या अभ्यासकांनी बऱ्याच देशांतले अभ्यास काढून तपासला, तो खर्च वाढलेला दिसला नाही.

फिनलंडने २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षं २००० बेरोजगार लोकांना महिन्याला ५६० युरो काही अट न घालता दिले, काम लागलं तरी चालू ठेवले. लोक घरी बसले नाहीत, कामाचे दिवस उलट किंचित वाढले, आणि त्यांचं मन जरा स्वस्थ होतं, पुढच्या महिन्याची धास्ती कमी होती. किंचित वाढले म्हणजे किंचितच, मी ते फुगवून सांगणार नाही. या पैशाने कुणी रातोरात उद्योजक झालं नाही, पण दादा म्हणतो तसा कुणी संपलाही नाही.

बरं, आता जिथे दादा बरोबर आहे तिथे त्याला ते द्यायला हवं, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे कारण तुझं पत्र वाचून मला वाटलं की तू त्याचं म्हणणं पूर्ण ऐकलंच नाहीस.

पहिली गोष्ट, जगात गरिबीतून सगळ्यात जास्त माणसं बाहेर पडली ती फक्त मदतीच्या रकमेवर नाही पडली. चीनमधे १९७८ नंतर चाळीस वर्षांत जवळपास ८० कोटी लोक गरिबीच्या रेषेच्या वर आले, आणि त्याची सुरुवात शेतीतून झाली, सामूहिक शेतीऐवजी कुटुंबाला जमीन कसायला दिली आणि ठरलेला वाटा देऊन उरलेलं पीक ज्याचं त्याचं झालं. लोकांनी स्वतःच्या कष्टाने ते केलं. जमीन कुटुंबाला द्यायचा निर्णय सरकारचा होता, शाळा आणि प्राथमिक आरोग्य आधीच गावोगाव पोचलं होतं, हे सगळं खरंय, पण कष्ट त्या माणसांचे होते आणि ते नाकारून चालत नाही. काम करून मिळवलेल्या पैशाला माणसाच्या मनात वेगळी जागा असते, हे दादाला आतून माहितीये. ते बोलणारा प्रत्येक माणूस निर्दयी नसतो गं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. काही योजना खरंच माणसाला आहे तिथेच धरून ठेवतात, आणि दोष मदतीचा नसतो, ती ज्या पद्धतीने बंद होते तिचा असतो. तुझ्या बहिणीचंच उदाहरण घे. समजा तिला मदतीचे महिन्याला १०० मिळतात. ती दादाकडे कामाला लागली, तिची कमाई ८० ने वाढली, आणि त्या ८० मुळे उत्पन्नाची मर्यादा ओलांडली म्हणून मदत पूर्णच बंद. म्हणजे महिनाभर राबून ती २० ने मागे गेली, वर फीची सवलत गेली, जाण्यायेण्याचं भाडं वाढलं, आणि घरी नवऱ्याला उठवायला बसवायला कुणी नाही. आता ती काम नको म्हणाली तर लोक म्हणणार आळशी झाली. ती आळशी नाहीये, तिने बेरीज वजाबाकी केलीये, जी दादा स्वतःच्या धंद्यात रोज करतो.

यावर उपाय नाही असं नाही. मिल्टन फ्रीडमन, म्हणजे सरकारने कमीत कमी लुडबुड करावी म्हणणारा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ, त्यानेच १९६२ मधे सुचवलं होतं की गरिबाला सरळ रोख पैसे द्या आणि त्याची कमाई जशी वाढेल तशी मदत हळूहळू कमी करा, एकदम तोडू नका. अमेरिकेत १९७५ पासून कमी पगारावर काम करणाऱ्यांसाठी करात अशी सवलत आहे की काम केलं तर हातात वरून पैसे येतात, आणि एका टप्प्यानंतर सावकाश कमी होत जातात. दादाला सांग की तुझा राग ज्या गोष्टीवर आहे तिच्यावर तुझ्याच बाजूच्या लोकांनी इलाज शोधलाय, आणि तो इलाज मदत बंद करणे हा नाहीये.

आणि कामाची अट घालून बघितली तर काय होतं तेही दिसलंय. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याने २०१८ मधे गरिबांच्या आरोग्य विम्याला अट घातली, महिन्याला ८० तास काम करा आणि ते नोंदवा. काही महिन्यांत १८ हजारांहून जास्त लोकांचा विमा गेला. आणि नंतर अभ्यास झाला तेव्हा कळलं की ज्यांना अट लागू होती त्यातले बहुतेक लोक एकतर आधीच काम करत होते किंवा त्यांना सूट मिळायला हवी होती, अनेक जण नोंद करण्याच्या भानगडीत अडकले. नोकऱ्या वाढल्याच नाहीत. पुढच्या वर्षी कोर्टाने ते थांबवलं. मला यात सगळ्यात जास्त लागतं ते हे की कामावरून दमून आलेल्या माणसाला तू काम करतोस हे सिद्ध कर म्हणून सांगायचं, आणि त्याला ते वेबसाईटवर जमलं नाही की त्याचं औषध बंद.

पण मग मदत आणि कष्ट यातलं काय निवडायचं, हा जो प्रश्न तुमच्या घरात चाललाय, तो प्रश्नच मला पटत नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो लोक रोजगार हमीच्या कामावर होते, खडी फोडत होते, रस्ते आणि पाझर तलाव करत होते. १९७७ मधे त्याचा कायदा झाला, की गावात काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचं, तो त्याचा हक्क. पुढे २००५ मधे देशभरासाठी वर्षाला १०० दिवसांच्या कामाचा कायदा आला त्याचं मूळ इथेच आहे. आता सांग, ही सरकारी मदत का स्वावलंबन? उन्हात खडी फोडणाऱ्या बाईला तू फुकटखाऊ म्हणशील का, आणि सरकारने ते काम काढलंच नसतं तर तिच्या कष्टाच्या तयारीचं तिने काय केलं असतं?

बांगलादेशातलं एक काम मी नेहमी सांगते, कारण त्यात या भांडणाचं उत्तर जवळजवळ मिळतं. ब्रॅक या संस्थेने २००२ मधे अगदी तळातल्या बायकांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. कर्ज नाही. सरळ गाय किंवा शेळ्या द्यायच्या, त्या सांभाळायचं शिकवायचं, सुरुवातीचे काही महिने घर चालावं म्हणून थोडी रोख रक्कम, बचतीची सवय, आणि दर आठवड्याला कुणीतरी घरी येऊन विचारायचं की कसं चाललंय. साधारण दोन वर्षं, मग बंद. हेच नंतर इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान, पेरू या सहा देशांत दहा हजारांच्या वर घरांत तपासून बघितलं, २०१५ मधे त्याचे निष्कर्ष आले, आणि सगळं बंद झाल्यावर वर्षभरानेही त्या घरांची कमाई आणि खाणंपिणं आधीपेक्षा बरं होतं. म्हणजे मदत संपली आणि माणूस उभा राहिला, जे दादाला हवंय तेच.

आणि त्यातला एक बारकावा बघ. त्या बांगलादेशच्या घरांकडे काही अभ्यासकांनी अकरा वर्षं लक्ष ठेवलं. सगळ्यांना साधारण सारखीच मदत मिळाली होती, पण ज्यांच्याकडे आधीचं थोडंफार काही होतं, एखादी हातगाडी, थोडी अवजारं, ते त्या मदतीने एका पातळीच्या वर गेले आणि मग वरच जात राहिले. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ते त्या पातळीच्या जरा खाली राहिले आणि हळूहळू होते तिथे परत आले. कष्ट दोघांनीही केले. खड्ड्यात रुतलेली गाडी काठापर्यंत आणून सोडून दिली की ती मागेच येते, तेवढाच धक्का अजून थोडा लागतो. त्यामुळे दादासारखे लोक म्हणतात ना की वर्षानुवर्षं मदत देतात तरी लोक गरीबच राहतात, तर त्यात तथ्य आहे, पण बऱ्याचदा त्याचं कारण मदत जास्त झाली हे नसतं, तुटपुंजी असते म्हणून तसं होतं. जगण्यापुरती मिळते, उभं राहण्यापुरती मिळत नाही.

छोट्या कर्जाबद्दलही लोकांना फार आशा होती, बांगलादेशात अशी कर्जं देणाऱ्या ग्रामीण बँकेला २००६ मधे नोबेल मिळालं, वाटलं की गरिबाला कर्ज दिलं की तो स्वतःचं बघेल. सहा देशांत नीट तपासलं तर काही घरांना धंद्यात मदत झाली पण गरिबी हटावी एवढं काही झालं नाही. दादाला हे मुद्दाम सांग, कारण त्याचा पुढचा मुद्दा हाच असेल की मदत कशाला, कर्ज द्या. नवरा अंथरुणावर असलेल्या घराला हप्ता सुरू करून द्यायचा म्हणजे काय, ते त्याने वर्कशॉपच्या हप्त्यांवरून आठवून बघावं.

कष्टाबद्दल अजून एक सांगते. दादाला वाटतं तो कष्टाने वर आला, आणि आलाच, मी ते काढून घेत नाही. पण कष्ट कुठे लागू पडतात हे माणसाच्या हातात नसतं. अमेरिकेत १९९४ पासून एक प्रयोग झाला, खूप गरीब वस्तीतल्या कुटुंबांपैकी चिठ्ठ्या टाकून काहींना बऱ्या वस्तीत राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत दिली. आईबापांच्या कमाईत काही फरक पडला नाही म्हणून सुरुवातीला सगळे म्हणाले प्रयोग फसला. पण अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीसेक वर्षांनी मुलांचं काय झालं ते बघितलं, तर जी मुलं तेरा वर्षांच्या आत तिथे गेली ती मोठेपणी सुमारे ३१ टक्के जास्त कमवत होती. तीच आई, तेच संस्कार, तीच मेहनतीची तयारी, फक्त आजूबाजूची शाळा आणि रस्ता बदलला. जी मोठी झाल्यावर गेली त्यांना तो फायदा मिळाला नाही. विषमता म्हणतात ती ही, कोण किती राबतो यापेक्षा कोण कुठून सुरू करतो आणि किती वर्षं तिथेच अडकून पडतो. आणि म्हणूनच मी म्हणते की बहिणीच्या पोरांच्या फीचा फॉर्म सगळ्यात आधी भर, मोठ्या माणसांचं एखादं वर्ष इकडचं तिकडे होईल पण मुलांच्या त्या वयाला परत फिरता येत नाही.

आता तुझ्याबद्दल, कारण तू विचारलंस कोण चुकतंय.

मुद्दा तुझा बरोबर होता पण जागा चुकली. आईची पेन्शन आणि फी माफी तू सगळ्या नातेवाईकांसमोर काढलीस. त्याला ते आठवत नाही असं तुला वाटलं असेल, अगं त्याला तुझ्यापेक्षा जास्त आठवतंय. तू लहान होतीस, तो मोठा. कार्यालयात आईसोबत कोण जायचं? वर्गात फी माफीवाल्यांनी उभे रहा म्हटल्यावर उभं कुणाला राहावं लागायचं? मला खात्रीने सांगता येणार नाही, पण तुझ्या पत्रातलं त्याचं ते वाक्य, मी कुणापुढे हात पसरला नाही, हे ज्याने लहानपणी आईला हात जोडताना बघितलंय तोच इतक्या तिडकीने बोलतो असं मला वाटतं. त्याला ती रांग आठवते, ते खिडकीपलीकडचं उद्या या आठवतं, आणि आपल्या बहिणीने तिथे उभं राहू नये असं त्याला मनापासून वाटतं. मदत देताना माणसाचा अपमान करणारी जी पद्धत असते ना, ती पुढच्या पिढीला मदतीचीच शत्रू करते. १८३४ वाल्यांनी ते मुद्दाम केलं, बाकी ठिकाणी ते नुसत्या बेपर्वाईने होतं, पण लेकरांच्या मनावर परिणाम तोच होतो.

म्हणून त्याच्याशी बोलायला जा, एकटी जा. आधी हे म्हण की त्या दिवशी सगळ्यांसमोर आईचं काढलं ते माझं चुकलं. मुद्दा सोडू नकोस, फक्त एवढं म्हण. मग विचार की आईची पेन्शन आली नसती तर तू कितवीत शाळा सोडली असतीस. आणि गप्प बस. त्याला उत्तर देऊ दे, त्याच्या उत्तरात तू भर घालू नकोस. आकडे बिकडे वर मी दिलेत ते तुझ्या स्वतःच्या समाधानासाठी आहेत, पहिल्याच भेटीत ते त्याच्यावर फेकू नकोस, पुढे कधी तो स्वतः म्हणाला की लोक आळशी होतात तर एखादा सांग.

आणि गरिबी हटवणं हे सरकारचंच काम, हेही जरा तपासून बघ. सरकार पैसे देऊ शकतं, शाळा काढू शकतं, दवाखाना चालवू शकतं, काम काढू शकतं. तुझ्या बहिणीने शिवणकामाचे दर कमी लावलेत का, उधारी कुणाकडे अडकलीये, नवरा बसून करू शकेल असं काही काम आहे का, हे सरकार येऊन बघणार नाही, ते तिलाच बघावं लागणार आणि त्यात तुम्ही दोघं तिच्या उपयोगी पडू शकता. ब्रॅकच्या त्या कार्यक्रमात सुद्धा गायीइतकंच महत्त्व त्या दर आठवड्याला घरी येणाऱ्या माणसाला होतं असं मला वाटतं.

आता दादाच्या ऑफरचं. माझ्या दृष्टीने सगळ्यात काळजीची गोष्ट ही आहे आणि तुझ्या पत्रात ती एका ओळीत उरकलीये. काम देतो, पण फॉर्म भरायचा नाही. त्याला वाटतंय तो तिला स्वावलंबी करतोय. नीट बघ. सरकारी मदत नाकारून ती कुणावर अवलंबून राहणार? दादावर. त्याच्या धंद्यावर, त्याच्या मूडवर, तुमच्या घरातल्या पुढच्या भांडणावर. मंदी आली, ऑर्डरी कमी झाल्या तर सगळ्यात आधी कामावरून कोण जाईल? आणि गेली तर ती कुणाकडे दाद मागणार, भावाविरुद्ध? नियमाने मिळणारी मदत असते तिथे ती पात्र असेल तर मिळते, नाकारली तर कारण द्यावं लागतं, वर अपील करता येतं, आणि कुणाचे आभार मानत फिरावं लागत नाही. नातेवाईकाच्या मर्जीवरचा आधार घेतलेल्या माणसाला प्रत्येक सणासमारंभाला ते आठवून दिलं जातं, तोंडाने नाही तर नजरेने. मला विचारशील तर नियमाची मदत घेणारी बाई जास्त ताठ मानेने जगते. दादा चांगला आहे म्हणून सांगतेय, चांगल्या माणसाच्या हातातही दुसऱ्याचं सगळं घर एकट्याने देऊ नये.

म्हणजे काम नको का? हवं ना. काम घ्यावं आणि फॉर्मही भरावा. दादाला एवढंच पटवायचंय की अट काढून टाक, तिने मदत घेतली तर तुझा पगार छोटा होत नाही.

फॉर्म भरताना हे बघ. उत्पन्नाच्या रकान्यात ती एखाद्या चांगल्या महिन्याचा आकडा लिहून मोकळी होईल, तसं होऊ देऊ नकोस, शिवणकामाची जी काही वही असेल ती काढ, वर्षभराचे आकडे मांड आणि नियमात सरासरी चालते का ते विचार. कमीही सांगायचं नाही, नंतर वसुली लागते. नवऱ्याचे दवाखान्याचे कागद, अपघाताची नोंद, काम सुटल्याचं पत्र असेल तर ते. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का ते अक्षर न् अक्षर बघ, निम्मे अर्ज तिथेच अडकतात असं मला लोकांच्या पत्रांवरून वाटायला लागलंय. प्रत्येक कागदाची एक कॉपी घरी ठेव आणि अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलायचं नाही. सोबत तू जा. शक्य असेल तर पहिल्या खेपेला ती एकटी तिथे उभी नको.

आणि तिथेच विचारून घे, काम लागलं तर मदत किती उत्पन्नापर्यंत चालू राहते, एकदम बंद होते का टप्प्याने कमी होते, फीची सवलत त्याच मर्यादेवर आहे का वेगळी, आणि काम लागल्याचं किती दिवसांत कळवायचं. हे लिहून आण. मग तो कागद घेऊन दादाकडे बसा, तो धंदेवाला माणूस आहे, हिशोब त्याला तुझ्यापेक्षा चांगला कळतो. पूर्ण वेळ काम घेऊन मदत एकदम जाणार असेल तर सुरुवातीला अर्धा वेळ घ्यायचा का, का पगारच एवढा ठरवायचा की मदत गेली तरी ती पुढेच राहील, हे त्यालाच मांडू दे. आणि तो हो म्हणाला की कामावर जायच्या आधी तास, पगार आणि आजारपणाच्या सुट्ट्या एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, काम लागल्याचं कळवताना तिला हाच पगार दाखवावा लागेल.